काचमशीन दोनदा: डावं दार डीलरकडे, उजवं दार अंगणात

गाडी: पेट्रोल हॅचबॅक, २०२१ ची. घेतानाच वाढीव वॉरंटी घेतली होती, पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. माझं काम पंपसेट दुरुस्तीचं. देवरुखात राहून साखरपा, माखजन, लांजा असं रोजचं फिरणं, त्यामुळे वर्षं शिल्लक आणि किलोमीटर संपत आलेले. डीलरचं वर्कशॉप रत्नागिरीत, पन्नासेक किलोमीटरवर. वॉरंटीतला पार्ट स्वतः बसवता येतो का, असं बरेच जण विचारतात, म्हणून या नोंदी ठेवल्या.

१४ जून २०२५, ओडोमीटर ९२,३००

मागची डावी काच खाली केली ती वर येईना. बटण दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज येतो, मग आत काहीतरी कर्रकर्र करून गुंडाळल्यासारखं होतं आणि काच जागच्या जागी. म्हणजे मोटर जिवंत आहे, केबल तुटली. काच वर-खाली करणारी पूर्ण मशीनच (काचमशीन) बदलावी लागणार, कारण या गाडीत केबल सुटी मिळत नाही.

पाऊस धो धो. काच दोन्ही तळहातांत दाबून वर ओढली, आतून काच आणि रबर यांच्यामध्ये लाकडाच्या दोन पाचरी मारल्या आणि बाहेरून रुंद चिकटपट्टी. चिकटपट्टी कोरड्या काचेवरच धरते, त्यामुळे आधी फडक्याने पुसून मगच लावा. दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, उघडलं नाही. वॉरंटी चालू असताना डीलरच्या आधी आपण आत हात घातला की पुढचा प्रत्येक दोष आपल्या नावावर लिहायला त्यांना कारण मिळतं.

१६ जून

डीलरला फोन. म्हटलं, पार्ट वॉरंटीत द्या, बसवायचं मी बघतो, तुमची मजुरीही वाचेल.

"सर, वॉरंटीचा पार्ट काउंटरवर नाही देता येत. गाडी आत घ्यावी लागते."

मी हट्ट धरला तेव्हा डीलरकडच्या त्या सल्लागाराने सगळी भानगड समजावून सांगितली, आणि ती खरंच समजून घेण्यासारखी आहे. वॉरंटीत कंपनी तुम्हाला पार्ट देत नाही, ती डीलरला पैसे देते. जॉब कार्ड, म्हणजे त्या कामाची नोंद, उघडतं, त्यावर चेसिस नंबर, किलोमीटर, दोषाचे फोटो जातात. मंजुरी आली की डीलर नवा पार्ट लावतो आणि पार्टची किंमत अधिक त्या कामाच्या ठरलेल्या मिनिटांची मजुरी कंपनीकडून वसूल करतो. जुना पार्ट टॅग लावून ठेवावा लागतो, कंपनी तो तपासते किंवा मागवून घेते. मी घरी बसवला तर त्यांचा दावाच उभा राहत नाही. म्हणजे "मजुरी वाचेल" या माझ्या ऑफरमध्ये त्यांच्या फायद्याचं काही नव्हतं.

पॅड बाहेर उघडलं असतं तर वॉरंटी गेली असती का, तेही विचारलं. तो म्हणाला, पूर्ण जाते. हे मात्र बरोबर नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला, तेव्हाच आदेशात म्हटलं होतं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. त्यावर पुढे अपिलं झाली, तो वेगळा विषय. पण काउंटरवर आदेशाचा कागद दाखवून काच वर येत नाही. मी वाद न घालता तारीख घेतली.

२० जून

रत्नागिरीला गाडी नेली. त्यांनी पाहिलं, फोटो काढले, आणि पार्ट स्टॉकला नाही, मागवतो म्हणाले. पाचरी परत मारून घरी. हातखंब्यापर्यंत पाऊस असा की डाव्या बाजूचं सीट ओलं झालं. पेट्रोल गेलं आणि अर्ध्या दिवसाची दोन कामंही गेली.

तुम्ही जाणार असाल तर आधी आवाजासकट व्हिडिओ आणि आरसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि पार्ट आल्याचा फोन आल्याशिवाय निघू नका. असं चालतं हे त्याच सल्लागाराने सांगितलं, गाडी परत करताना.

३ जुलै

पार्ट आला, बसवला. सकाळी दिलेली गाडी दुपारी मिळाली. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाला उभं राहू देत नाहीत, म्हणून काम बघता आलं नाही. बिल ₹१५०, दाराच्या पॅडच्या क्लिपांचं. क्लिपा वाढीव वॉरंटीत धरत नाहीत. जुनी मशीन बघायला मागितली तर टॅग लावून आत गेली होती. केबल का तुटली, हे विचारल्यावर उत्तर आलं, "पार्ट फेल्युअर, सर." जॉब कार्डवरही तेवढंच.

९ जुलै

मागच्या डाव्या पायदानात पाणी. मॅट उचलली तर खालचा फोम ओथंबलेला.

दारात पाणी शिरणं हा दोष नाही. काचेच्या बाहेरच्या रबराच्या फटीतून ते शिरतंच, दाराच्या पत्र्याच्या आत खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. ते गाडीत येऊ नये म्हणून पॅडच्या मागे एक प्लास्टिकची शीट काळ्या चिकट डिंकासारख्या पट्टीने चिकटवलेली असते. काचमशीन काढायला ती शीट सोलावी लागते. परत लावताना ओल्या पत्र्यावर दाबली तर ती धरत नाही.

डीलरला फोन केला. चूक मान्य न करता, पण नम्रपणे, गाडी घेऊन या म्हणाले. पुन्हा पन्नास किलोमीटर जायची माझी तयारी नव्हती. सल्लागाराला सांगून ठेवलं की मी फक्त शीट चिकटवतोय, आणि सुरू करण्याआधीचे फोटो त्यालाच पाठवले, म्हणजे तारीख नोंदलेली राहते.

पॅड उघडलं. शीटचा खालचा कोपरा बोटभर सुटलेला. दाराच्या तळाची दोन भोकं तांबड्या मातीने बुजलेली, ती तारेने मोकळी केली तेव्हा कपभर पाणी भळकन बाहेर आलं. जुना डिंक सगळा खरवडला, पत्रा स्पिरिटने पुसला, हेअर ड्रायरने गरम केला आणि नवी ब्युटाइल टेप लावली. टेपचा रोल ₹३५०, अर्ध्याहून जास्त उरला (पुढे कामाला आला). फोम वाळायला आठवडा गेला, तोही गाडीतून काढून पंख्याखाली ठेवल्यावर.

२२ ऑगस्ट

काचेशी संबंध नाही, पण वॉरंटीचा दुसरा प्रकार याच काळात अनुभवला म्हणून लिहितो.

सकाळी गाडी स्टार्ट होईना. बॅटरी नोव्हेंबर २०२३ ला दुकानातून घेतलेली. २४ महिने फुकट बदली, पुढचे २४ महिने टक्केवारीने सूट. दुकान गावातच. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा भाऊ, चार्ज करून बघू." चार्ज करून परत दिली, नुसती उतरलीय म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत मेली.

पुन्हा नेण्याआधी तीन गोष्टी मोजून कागदावर लिहिल्या. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर (गाडीतला बॅटरी चार्ज करणारा भाग) जास्त चार्ज करत नाही. गाडी बंद, चावी काढलेली, तेव्हा ३० मिलिअँपिअर, म्हणजे गाडी गुपचूप करंट खात नाही. आणि रात्रभर ठेवल्यावर १०.६ व्होल्ट. बॅटरीचा दावा नाकारताना पहिलं बोट गाडीकडे जातं, म्हणून हे आकडे हातात असलेले बरे. दुकानात बुचं काढून हायड्रोमीटर (आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) घातला: पाच खाने १.२५० च्या आसपास, एक १.१२०. तो खाना मेलेला. वाद संपला.

गणपती २७ तारखेला. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांनी हायवे भरलेला, कंपनीचा माल अडकलेला, म्हणून आधी दुकानाचीच एक कामचलाऊ बॅटरी मिळाली आणि नवी चतुर्थीनंतर. दोन्ही वेळा मीच बसवली: काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, दहाचा पाना, टर्मिनलला थोडं व्हॅसलीन. कोणी बसवली हे कोणी विचारलंही नाही. बॅटरीवाल्याला त्याचा नंबर कोरलेला डबा परत मिळाला की त्याचं काम झालं. एक लक्षात ठेवा, बदलून मिळालेल्या बॅटरीला नवीन वॉरंटी नसते, जुनीची उरलेलीच पुढे चालते.

बॅटरी सुटल्यावर ड्रायव्हरची काच एका दाबात वर जाणं बंद झालं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरलं की परत शिकते. माझ्या गाडीत असं आहे, तुमच्या गाडीचं पुस्तक बघा.

११ सप्टेंबर, ओडोमीटर १,००,०००

वॉरंटी संपली.

१५ सप्टेंबर

मागची उजवी काच बंद. हे मी बनवून सांगत नाही.

आधी ड्रायव्हरच्या दारावरचं काचा लॉक करायचं बटण बघितलं. भाच्याला घेऊन गेलो होतो तेव्हा दाबलं होतं का, अशी आशा. नाही. आवाज डाव्या दारासारखाच कर्रकर्र.

डीलरचा अंदाज: मशीन कर धरून ₹३,२००, मजुरी ₹१,२०० आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी, एकूण ₹४,६१६. वॉरंटी संपून चार दिवस झालेत, काही होईल का, असं विचारून पाहिलं. सल्लागार म्हणाला, सिस्टिम किलोमीटर टाकला की पुढे जाऊच देत नाही. त्याचा दोष नाही.

स्वतः करायचं ठरवलं. मागच्या दारात एअरबॅगची किंवा सेन्सरची वायर नाही, हे डाव्या दारात बघितलं होतं. तशी वायर असती तर हात घातला नसता. स्टिअरिंग, एअरबॅग, ब्रेकचं एबीएस यांच्या वाटेला मी जात नाही.

पाचरी तयार होत्याच. पार्ट लगेच घेतला नाही, कारण २२ सप्टेंबरपासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के होणार होता. ₹३,२०० चा पार्ट ₹२,९५० ला.

२३ सप्टेंबर

डीलरच्या पार्ट काउंटरवरून मशीन घेतली, ₹२,९५०. चेसिस नंबर सांगूनच घ्या. डाव्या-उजव्या मशीनचा पार्ट नंबर शेवटच्या आकड्यात वेगळा असतो आणि खोक्यावर डावं-उजवं लिहिलेलं नव्हतं.

बिलावर रबरी शिक्का: इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही. म्हणून कामाची १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि दोन वायरी सोबत नेल्या होत्या. मागच्या काचेच्या मोटरला दोनच वायरी, उलट-सुलट केल्या की वर-खाली. काउंटरवरच खोकं फोडून लावून बघितलं. वर गेली, खाली येताना मध्येच अडखळली. परत लावली, परत तिथेच. काउंटरवरचा मुलगा वैतागला, "सगळे असंच करायला लागले तर," वगैरे, पण दुसरं खोकं काढून दिलं. ते गुळगुळीत चाललं. हेच घरी नेऊन दारात बसवल्यावर कळलं असतं तर शिक्का दाखवला असता आणि वर बसवताना बिघडवलं म्हणाले असते.

बिलाच्या मागे बारीक अक्षरात: पार्टला सहा महिने वॉरंटी, अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवल्याचं बिल असेल तरच.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस उघडला, अंगणात काम. हत्यारं: प्लास्टिकची पट्टी (पत्र्याच्या स्क्रू ड्रायव्हरने पॅड उचकटू नका, ओरखडे जात नाहीत), चारपाकळी स्क्रू ड्रायव्हर, दहाचं सॉकेट, हातमोजे. हातमोजे खरोखर घाला. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा पात्यासारख्या असतात.

आतल्या हँडलच्या मागचा एक स्क्रू आणि हात टेकायच्या खाचेतला एक. मग स्विचची पट्टी वर उचलून कनेक्टर काढला. पॅड खालून सुरू करून क्लिपा एकेक सोडवल्या. दोन क्लिपा तुटल्या, पण आधीच अर्धा डझन घेऊन ठेवल्या होत्या, ₹१० ला एक. शीट हळू सोलली.

काच मशीनला दोन बोल्टने धरलेली असते. ते बोल्ट पत्र्यातल्या गोल भोकांसमोर आले तरच निघतात, आणि केबल तुटलेली असल्याने काच हवी तिथे थांबत नाही. घरच्यांपैकी एकाला बाहेरून काच धरायला उभं केलं. बोल्ट निघाल्यावर काच हाताने पूर्ण वर नेऊन दाराच्या चौकटीवरून चिकटपट्टी, आतून एक, बाहेरून एक. ही चिकटपट्टी सुटली तर काच दाराच्या तळाशी आपटते, तेव्हा इथे कंजूषपणा नको.

मशीनचे बाकी बोल्ट काढले, मोटरचा कनेक्टर सोडवला आणि जुनी मशीन खालच्या मोठ्या भोकातून तिरकी करून काढली. नवी उलट क्रमाने. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला: काचेचे दोन बोल्ट आवळल्यावर काच वर जाताना मागच्या बाजूला कलली आणि शेवटच्या दोन बोटांवर थांबली. उपाय सोपा निघाला. बोल्ट सैल ठेवून काच पूर्ण वर न्यायची, ती रबराच्या खाचेत आपोआप सरळ बसते, मग तिथेच आवळायचे. बोल्ट लहान, प्लास्टिकच्या तुकड्यात बसतात. मनगटाच्या जोराने, हाताच्या नाही.

डाव्या दारावरून उरलेली ब्युटाइल टेप उजव्या शीटला पुरली. तळाची भोकं इथेही मातीने बुजलेली. सकाळी नाश्त्यानंतर सुरू केलं, जेवण लांबलं, चार वाजता दार बंद.

३० सप्टेंबर

जुनी उजवी मशीन माझ्याकडे होती, म्हणून उघडली. डावी उघडायला मिळालीच नव्हती. केबल खालच्या प्लास्टिकच्या चाकावर तुटली होती. चाकाची खाच एका बाजूने घासून केबलने नवी चरी पाडलेली. मोटरचे ब्रश ठणठणीत. म्हणजे केबलवर वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त ओढ पडत होती. कशाची?

वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. पंपाला आपण वापरतो तो नुसत्या एसीचा क्लॅम्प इथे कामाचा नाही, डीसी मोजणारा हवा, आणि दोन्ही वायरी नाही, एकच वायर त्यात घालायची. नवी मशीन काच वर नेताना ९ अँपिअर घेत होती. काच ज्या रबराच्या खाचेत सरकते त्यात बोट फिरवलं तर तांबडी माती आणि रबर खडखडीत कोरडं. खाच ओल्या फडक्याने पट्टीवर गुंडाळून साफ केली, वाळू दिली, सिलिकॉन स्प्रे मारला (ग्रीस नको, माती धरतं). आता ५ अँपिअर.

मग डावं दार मोजलं, डीलरने तीन महिन्यांपूर्वी नवी मशीन बसवलेलं. १० अँपिअर. मशीन बदलली, खाच कोणी पुसली नव्हती. पुसायला त्यांना कंपनी मिनिटं देत नाही. साफ करून स्प्रे मारल्यावर ६ वर आलं. आधीच्या वेगाने गेलं असतं तर हीही केबल काही वर्षांत तुटली असती, आणि तेव्हा वॉरंटी नसती.

४ ऑक्टोबर

सहा महिन्यांच्या त्या बारीक अक्षरांबद्दल डीलरला मेल केला: पार्ट तुमच्याच काउंटरवरून, तुमच्यासमोर चालवून घेतलाय, बसवल्याचं बिल नाही, तर बनावटीच्या दोषाला काय? उत्तर आलं की सहा महिन्यांत दोष निघाल्यास पार्ट घेऊन यावा, तपासून ठरवू. हो नाही, नाहीही नाही, पण लेखी आहे. बिल, काउंटरवरच्या चाचणीचा व्हिडिओ आणि हा मेल एकाच फोल्डरमध्ये ठेवलेत. जुनी मशीनही टाकलेली नाही.

खर्च, उजवं दार: मशीन ₹२,९५०, क्लिपा ₹६०, सिलिकॉन स्प्रे ₹२८०. डीलरकडे कर कमी झाल्यावरही ₹४,३६६ झाले असते, खाच न पुसता. डावं दार: पार्ट फुकट, क्लिपा ₹१५०, टेप ₹३५०, आणि पेट्रोल व बुडालेली कामं धरली तर उजव्यापेक्षा महागच. तरी वॉरंटी असती तर उजवंही डीलरकडेच नेलं असतं, फक्त आधी व्हिडिओ पाठवून, आणि परत आणल्यावर स्वतः खाच पुसून.

पुढच्या दारांची मोजणी बाकी होती, ती आज केली. ड्रायव्हरची काच ५ अँपिअर, तिच्या शेजारची ८. शेजारच्या दाराची खाच उद्या.